मृत्युपत्रात एक शमुवेल, साक्षीदारांत दुसरा: आमचे पणजोबा कोणते?

सदर_बाजार (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमचे कुटुंब पाच पिढ्यांपासून नागपुरात सदर भागात राहत आहे. आमचे खापरपणजोबा स्कॉटिश मिशनच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि पुढे मिशनच्या शाळेत शिक्षक होते, याविषयी नातेवाइकांत कोणाचेही दुमत नाही. मतभेद आहे तो त्यांच्या पुढच्या पिढीविषयी. त्यांच्या घरात शमुवेल नावाचे दोन पुरुष वाढले, दोघांनीही तेच आडनाव लावले आणि दोघेही जवळपास एकाच वयाचे होते. त्यांपैकी एक आमचे पणजोबा असून ते छापखान्यात कंपोझिटर होते. दुसरे भंडाऱ्याला कंपाउंडर म्हणून गेले आणि त्यांचे वंशज आजही त्याच भागात आहेत. या दोघांपैकी एक पोटचा मुलगा आणि दुसरा दुष्काळात पोरका झालेला, घरी आणून वाढवलेला मुलगा, असे दोन्ही शाखा सांगतात. मात्र पोटचा कोणता, याचे उत्तर प्रत्येक शाखा आपापल्या बाजूने देते.

माझ्याजवळ सध्या दोनच आधार आहेत. पहिला आधार खापरपणजोबांच्या 1926 सालच्या नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल. तीत सदरचे राहते घर “माझा मुलगा शमुवेल, जो लहानपणापासून माझ्या घरी आहे” यास दिले आहे आणि खाली साक्षीदारांमध्ये त्याच नावाच्या व आडनावाच्या दुसऱ्या एका माणसाची सही, दस्तुर खुद्द, अशी नोंद आहे. दुसरा आधार म्हणजे मंडळीच्या बाप्तिस्मा नोंदवहीतील दोन नोंदींची छायाचित्रे, जी पाळकसाहेबांनी स्वतः वही उघडून मला काढू दिली. एक नोंद 1893 सालची असून तीत तान्ह्या शमुवेलच्या आईवडिलांची नावे स्पष्ट आहेत. दुसरी 1900 सालची आहे. तीत शमुवेलचे वय “सुमारे 8 वर्षे” असे लिहिले आहे आणि आईवडिलांचा रकाना कोरा आहे.

भंडाऱ्याचे नातेवाईक म्हणतात की घर ज्याला मिळाले तोच रक्ताचा, आणि ते घर त्यांच्या आजोबांनी पुढे विकले हे खरेच आहे. आमची आत्या, जी आता वयाने फार थकली आहे, हे कधीच मान्य करीत नाही. मला कोणाचा हक्क सांगायचा नाही आणि कोणाला कमी लेखायचे नाही. आत्याच्या हयातीत खरे काय ते कागदावरून कळावे, एवढीच इच्छा आहे. मृत्युपत्रातील या वाक्याचा अर्थ कसा लावावा, आणि आणखी कोणत्या नोंदी शोधाव्यात? या मंडळीच्या नोंदींच्या प्रती लंडनला असतील का, हेही कृपया सांगावे.

दप्तरखाना

ताई, प्रथम आपल्याजवळचे कागद नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे वेगळे करू. बाप्तिस्म्याच्या दोन नोंदींवरून त्या नावाची दोन मुले होती हे कळते. मृत्युपत्रावरून 1926 साली त्या नावाचे दोन प्रौढ पुरुष होते हे कळते. परंतु 1893 चा तान्हा मुलगा पुढे कंपोझिटर झाला की कंपाउंडर, हे या दोन्हींपैकी एकही कागद सांगत नाही. आपला सगळा शोध या मधल्या जोडावर केंद्रित व्हायला हवा, कारण नाव जुळले म्हणून माणूस जुळतोच असे नाही.

1900 च्या नोंदीतील कोरा रकाना त्या काळाशी सुसंगत आहे. मध्य प्रांतात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले आणि अनाथ मुले मोठ्या संख्येने मिशनांच्या अनाथालयांत व बोर्डिंगांत आली. त्यांपैकी अनेकांना आपल्या गावाचे नावही सांगता येत नव्हते, वय अंदाजाने लिहिले जाई आणि बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळे. शमुवेल हे नाव मंडळीत सर्रास ठेवले जाई. त्यामुळे ज्या घरात आधीच एक शमुवेल आहे त्या घरात दुसरा शमुवेल येणे अशक्य नाही.

तरीही एक शंका आधी दूर करावी. 1893 चे मूल लहानपणीच वारले नव्हते ना, हे दफन नोंदवहीत पाहा. वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची पद्धत अनेक कुटुंबांत होती, आणि तसे झाले असल्यास आपण ज्या दोन नोंदी समोर धरल्या आहेत त्यांतील एक मुळातच वगळावी लागेल.

जोड सापडण्याची सर्वांत चांगली जागा विवाह नोंदवही आहे. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानंतरच्या नोंदींत सहसा वर आणि वधू यांचे वय, धंदा, राहण्याचे ठिकाण आणि बापाचे नाव मिळते, शिवाय दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. दोन्ही शमुवेलांच्या विवाहाच्या नोंदी शोधा. वाढवलेला मुलगा पालकाचेच नाव बाप म्हणून लिहिण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून तो रकाना एकटा पाहून निर्णय करू नये. मात्र एका नोंदीत तो कोरा असेल किंवा वेगळेच नाव असेल, तर पुष्कळ उलगडा होईल.

दुसरी जागा शाळेची. दाखल-खारीज रजिस्टर आपल्या विदर्भात जातपडताळणीसाठी सर्वांना ठाऊक आहे, पण वंशावळीसाठी त्याचा शेवटचा रकाना अधिक मोलाचा असतो, कारण तेथे शाळा सोडण्याचे कारण लिहिलेले असते. 1900 च्या आधी शाळेत दाखल झालेला, बापाचे नाव असलेला शमुवेल जर “छापखान्यात नोकरी” अशा कारणाने खारीज झालेला दिसला, तर आपला प्रश्न एका ओळीत सुटू शकेल.

नगरपालिकेची जन्मनोंदही मागून पाहा. नागपूर नगरपालिका 1864 ची आहे. मात्र त्या काळच्या जन्मनोंदींत पुष्कळदा मुलाचे नाव नसते; अमक्यास मुलगा झाला, एवढेच असते. गावच्या कोतवाल बुकातही तीच रीत होती. त्यामुळे खापरपणजोबांना 1893 मध्ये मुलगा झाला याला त्या नोंदीने दुजोरा मिळेल, त्यापुढे ती जाणार नाही.

नागपूर_वकील

मी मृत्युपत्रापुरतेच लिहितो, कारण येथे एक समजूत भंडाऱ्याच्या शाखेने धरून ठेवली आहे आणि ती तपासण्याजोगी आहे. घर ज्याला दिले तोच रक्ताचा, हे अनुमान ख्रिस्ती कुटुंबाच्या बाबतीत टिकणारे नाही. बहुधा ते उलट दिशेने वाचावे लागेल.

आपल्या खापरपणजोबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होता. मृत्युपत्र न करता ते वारले असते, तर त्या कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि मुलाबाळांना दोन तृतीयांश वाटा मिळाला असता, आणि पोटच्या मुलाला तो मिळण्यासाठी कोणताही कागद करण्याची गरज नव्हती. परंतु ख्रिस्ती लोकांसाठी दत्तकाचा कायदा नव्हता. घरी आणून कितीही मायेने वाढवलेला मुलगा असला, तरी मृत्युपत्राशिवाय त्याच्या हाती काहीही आले नसते. म्हणून अशा शिक्षकाने मुद्दाम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन मृत्युपत्र का केले, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. “जो लहानपणापासून माझ्या घरी आहे” हे शब्दही त्याच दृष्टीने वाचावेत. पोटच्या मुलाविषयी बाप असे लिहीत नाही. तो घरी आहे हे सांगण्याचे कारणच नसते. त्याच नावाच्या दोघांपैकी आपल्याला कोण अभिप्रेत आहे, हे लिहिणाऱ्याने या शब्दांनी स्पष्ट केले असावे.

आता साक्षीदाराकडे पाहू. त्याच कायद्याच्या कलम 67 प्रमाणे मृत्युपत्रावर साक्ष घालणाऱ्यास किंवा त्याच्या पत्नीस वा पतीस त्या मृत्युपत्रातून काही दिले असल्यास ते देणे रद्द ठरते. त्यामुळे जाणत्या माणसांनी केलेल्या मृत्युपत्रात साक्षीदार हा सहसा काही न घेणारा असतो. दुसऱ्या शमुवेलने साक्ष घातली याचा अर्थ त्याला घरातून वगळले किंवा तो परका होता, असा होत नाही. पुढे आक्षेप घेऊ शकेल अशा वारसालाच साक्षीला उभे करून त्याची संमती कागदावर आणण्याची काळजी शहाणी माणसे घेत असत, आणि येथे तसेच झाले असण्याची शक्यता मला मोठी वाटते. तथापि हे अनुमान आहे, पुरावा नाही.

पुराव्यासाठी आपल्या नकलेची शेवटची पाने पाहा. आपण मृत्युपत्राच्या मजकुराचाच उल्लेख केला आहे, नोंदणीच्या शेऱ्याचा नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे निबंधकासमोर ज्यांची तपासणी होते त्यांच्या सह्यांबरोबर त्यांचा धंदा, राहण्याचे ठिकाण आणि बापाचे नाव लिहावे लागते. साक्षीदार शमुवेलने जर लिहून देणाऱ्याची ओळखही पटवली असेल, तर तो कंपोझिटर होता की कंपाउंडर, हे त्या शेऱ्यातच मिळेल. अशा नकला देताना शेऱ्याचे पान राहून जाणे नवलाचे नाही. मृत्युपत्रे तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात उतरवली जातात. लिहून देणारा वारल्यानंतर त्यातील नोंदीची नक्कल कोणालाही मागता येते, मात्र शोध नोंदणी अधिकारी स्वतः घेतो, आपल्याला पुस्तक चाळता येत नाही. म्हणून अर्जात वर्ष, पूर्ण नाव आणि “नोंदणीच्या सर्व शेऱ्यांसह” हे शब्द अवश्य लिहावेत.

आणखी एक. त्या काळी ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावरून न्यायालयात हक्क शाबीत करायचा तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घ्यावे लागे. भारतीय ख्रिस्ती लोकांना त्यातून 2002 च्या दुरुस्तीने सूट मिळाली. प्रोबेट झाले असल्यास मूळ मृत्युपत्र जिल्हा न्यायालयाच्या अभिलेखात जमा असले पाहिजे, आणि खरी सही फक्त तेथेच पाहता येईल, कारण निबंधकाच्या पुस्तकात कारकुनाने उतरवून घेतलेली प्रत असते. घराशिवाय बँकेत वा पोस्टात काही रक्कम होती का, हेही आत्यांना विचारा. तिच्यासाठी कोणी वारस दाखला घेतला असेल, तर त्या अर्जात मृताच्या जवळच्या नातेवाइकांची नावे आणि राहण्याची ठिकाणे द्यावी लागतात. प्रोबेटच्या अर्जात असा तपशील देण्याचे बंधन नाही, त्यामुळे वंशावळीच्या दृष्टीने वारस दाखल्याची फाईल अधिक बोलकी असते.

कामठी_छावणी

लंडनविषयी थोडक्यात लिहितो. ब्रिटिश लायब्ररीत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रतिवृत्तांचे (तिकडे पाठवलेल्या नोंदींच्या प्रतींचे) खंड आहेत. आमच्या कामठीची छावणी 1821 ची आणि तेथे मद्रासची पलटण असे, म्हणून कामठीच्या लष्करी कुटुंबांच्या नोंदी मद्रासच्या खंडांत शोधाव्या लागतात. अनेक जण जवळचे म्हणून मुंबईच्या खंडांत शोधत बसतात. परंतु हे खंड मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांचे आहेत. फ्री चर्चच्या, म्हणजे आपल्या स्कॉटिश मिशनच्या, मराठी मंडळीतील दुष्काळी मुलांच्या नोंदी तेथे मिळण्याची आशा ठेवू नये. आपली वही नागपुरात आहे, तीच मूळ आणि बहुधा तीच एकमेव.

मिशनऱ्यांचा पत्रव्यवहार मात्र एडिंबरोला, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले तेव्हापासून हे मिशन फ्री चर्चचे होते, 1900 मध्ये ते युनायटेड फ्री चर्चचे झाले आणि 1929 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाले, त्यामुळे कागदही या तीन नावांखाली विभागलेले असतात. त्यात एखाद्या मुलाचे नाव मिळणे कठीण, पण बोर्डिंगमधील मुलांना मंडळीतील कुटुंबांकडे सोपवले गेले का, हे कळू शकेल.

जाता जाता, कॅथलिक वाचकांसाठी: 1908 पासून कॅथलिक बाप्तिस्मा नोंदवहीच्या समासात त्या व्यक्तीच्या विवाहाचीही नोंद करतात. आपली नोंद कॅथलिक असती तर समासाने अर्धे काम केले असते.

सदर_बाजार

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे अर्ज केले आणि काही गोष्टी हाती आल्या आहेत.

नोंदणीच्या शेऱ्याचे पान माझ्या नकलेत खरोखरच नव्हते. नव्या नकलेत ते आले आहे. लिहून देणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या दोघांपैकी एक मंडळीचे वडील (एल्डर) आहेत आणि दुसऱ्याविषयी शमुवेल, धंदा कंपोझिटर, राहणार सदर बाजार, आणि बापाचे नाव म्हणून खापरपणजोबांचे नाव, असे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे साक्षीदार शमुवेल हे आमचे पणजोबा, आणि घर मिळाले ते भंडाऱ्याच्या शमुवेलांना, याविषयी आता शंका उरली नाही.

पणजोबांच्या 1917 सालच्या विवाहाची नोंदही मंडळीत मिळाली. वय 24, धंदा कंपोझिटर, बापाचे नाव तेच. वय 1893 च्या नोंदीशी जुळते, परंतु 1900 मध्ये सुमारे आठ वर्षांचा असलेला मुलगाही 1917 मध्ये 24-25 वर्षांचाच असणार, म्हणून यावर मी भिस्त ठेवलेली नाही. दफन नोंदवहीत 1893 ते 1900 या काळात शमुवेल नावाच्या आमच्या घरच्या मुलाची नोंद नाही. मात्र मधली काही पाने वाळवीने खाल्लेली आहेत. शाळेचे जुने रजिस्टर अजून पाहायला मिळालेले नाही.

वकीलसाहेबांनी वाक्याचा जो अर्थ लावला तो आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली की तिचे आजोबा, म्हणजे आमचे पणजोबा, ते घर गेल्याबद्दल कधीही कडवटपणे बोलले नाहीत आणि भंडाऱ्याच्या शमुवेलांना ते “भाऊ” म्हणत. भंडाऱ्याच्या नातेवाइकांना मी अजून काहीही कळवलेले नाही. एवढ्यावर कळवावे का?

मंडळी_सेवक

ताई, एवढ्यावर कळवू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. आपल्याजवळ आता एक पक्की गोष्ट आहे, ती म्हणजे साक्षीदार कोण होता. घर वाढवलेल्या मुलाला दिले हे अजूनही अनुमानच आहे, मग ते कितीही पटणारे असो. त्या अनुमानाच्या बळावर एका कुटुंबाला “तुमचे पणजोबा अनाथ होते” असे सांगणे योग्य होणार नाही, कारण त्यांच्या बाजूची एकही नोंद अजून कोणी पाहिलेली नाही. 1893 चे मूल भंडाऱ्याला गेलेच नव्हते, असे दाखवणारा कागद आपल्या हाती नाही.

मी आपल्याच मंडळींच्या नोंदवह्यांचे काम बरीच वर्षे केले आहे. बाप्तिस्म्याची नोंद जिथे थांबते तिथून पुढे प्रभुभोजनास पात्र सभासदांची यादी पाहावी. मुले मोठी झाल्यावर विश्वासाची कबुली देऊन तीत दाखल होत, आणि गाव बदलले की दुसऱ्या मंडळीला शिफारसपत्र दिल्याचा शेरा तेथे असतो. भंडाऱ्याला गेलेल्या शमुवेलांच्या नावापुढे तसा शेरा असेल, आणि यादी नीट ठेवलेली असेल तर बाप्तिस्म्याचे सालही असेल. 1893 की 1900, एवढाच आकडा आपल्याला हवा आहे. या वह्या शोधताना मंडळीचे नाव बदलत गेले हे ध्यानात ठेवा. 1924 मध्ये आपल्या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या आणि 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर जे नाव त्या वर्षी होते तेच असते.

भंडाऱ्याच्या नातेवाइकांना निष्कर्ष कळवण्याऐवजी शोधात सहभागी होण्याची विनंती करा. त्यांच्या पणजोबांच्या विवाहाची नोंद त्यांनी मागितली तर ती सहज मिळेल आणि जे निघेल ते त्यांच्याच हातून निघेल.

नागपूर_वकील

वरील सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. माझे अनुमान मी अनुमान म्हणूनच मांडले होते आणि ते आत्यांना वाचून दाखवताना आपण तसेच सांगितले असेल, असा विश्वास आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही एक गोष्ट नोंदवतो. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 32 मध्ये मृत व्यक्तींमधील नात्याविषयी मृत्युपत्रात, कौटुंबिक वंशावळीत किंवा थडग्यावरच्या लेखात केलेले विधान ग्राह्य धरले होते. अट अशी की ते वाद निर्माण होण्यापूर्वी केलेले असावे. 1926 चे मृत्युपत्र या कसोटीला उतरते, आज दोन्ही शाखा जे सांगतात ते उतरत नाही. म्हणून थडगीही पाहा. खापरपणजोबांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या थडग्यावर “पुत्र” म्हणून कोणी दगड बसवला, हे तेथे कोरलेले असू शकते.

आत्यांची तयारी असेल तर रक्ताच्या नात्याची जनुकीय तपासणीही करता येते. त्या आणि भंडाऱ्याच्या शाखेतील त्यांच्याच पिढीची व्यक्ती हे दोन सख्ख्या भावांचे नातू-नात असतील, तर एवढ्या जवळच्या नात्यात जुळणी जवळजवळ नेहमी दिसते. मात्र त्या तपासणीने ते दोघे भाऊ होते की नव्हते एवढेच कळेल. पोटचा कोणता, हे त्यानंतरही कागदांवरूनच ठरवावे लागेल.

सदर_बाजार

पटले. भंडाऱ्याच्या चुलत काकांना आज फोन केला आणि निष्कर्ष न सांगता दोन्ही बाप्तिस्मा नोंदी व शेऱ्याचे पान पाठवले. त्यांनी त्यांच्या आजोबांच्या, म्हणजे भंडाऱ्याच्या शमुवेलांच्या, विवाहाची नोंद मागण्याचे कबूल केले आहे. अर्जात नेमके काय लिहावे, असे त्यांनी विचारले आहे.

मंडळी_सेवक

विवाहाचे अंदाजे वर्ष द्यावे आणि त्याच्या मागची-पुढची पाच वर्षे पाहण्याची विनंती करावी. वराचे नाव दोघांचे सारखेच असल्याने वधूचे माहेरचे नाव अवश्य लिहावे. केवळ दाखला न मागता नोंदवहीतील त्या संपूर्ण ओळीची सत्यप्रत मागावी, कारण छापील दाखल्यात बापाच्या नावाचा रकाना आणि साक्षीदारांच्या सह्या गळतात. वधूच्या गावच्या मंडळीतही विचारावे. लग्न पुष्कळदा तिच्या मंडळीत लागत असे.